कंट्रोलची स्लाइड

"आधी लाइट बंद कर वं, मंग बोल."

हे तिचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. नोकरीचा माझा पहिला दिवस होता. मी कडक इस्त्रीची साडी नेसून मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या दारात उभी होते, ओळख करून द्यायला तोंड उघडलं होतं, आणि ही बाई माझ्याकडे पाठ करून, एक हात मागे लांबवून भिंतीवरचं बटण चाचपत होती. बटण सापडलं, ट्यूबलाइट गेली, कोपऱ्यातला एक पिवळा मिणमिणता दिवा तेवढा उरला. मग ती वळली आणि म्हणाली, "हां, आता सांग. कोन होय तू?"

मी कोण ते मी सांगितलं. नागपुरातली नावाजलेली शाळा, विद्यापीठातला नंबर, सगळं सांगितलं. पण अंधारात सांगितल्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही, असं मला आजही वाटतं.

मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला म्हणू, अजून वाटतो. तुमच्याही नोकरीत, शेजारात असं एखादं माणूस असेल, जे तुमचं काही वाकडं करत नाही आणि तरी ते समोर आलं की तुमच्या पोटात दुखतं. तसं असेल तर तुम्हाला फार समजावून सांगावं लागणार नाही.

कामाबद्दल मात्र थोडं सांगावं लागेल. आपल्या पेशीपेशीत डीएनएचा लांबच लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो. आपण श्वास घेतो, खाल्लेलं अन्न शरीरात जळतं, आणि त्यातूनच ऑक्सिजनचे काही उनाड रेणू सुटून त्या धाग्याला लागतात. लोखंडाला गंज चढावा तसा प्रकार. शरीर त्याची रोजच्या रोज दुरुस्ती करत असतं. पण दुरुस्तीपेक्षा मोडतोड जास्त होत राहिली, तर काही वर्षांनी त्यातून कॅन्सर, मज्जासंस्थेचे, रक्ताचे आजार डोकं वर काढू शकतात. आमचं काम ही मोडतोड मोजण्याचं. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचेच्या स्लाइडवर जेलच्या पातळ थरात पेशी बसवायच्या, त्यांचं आवरण विरघळवायचं, गंजलेल्या जागी धागा कापणारं एक एन्झाइम घालायचं आणि स्लाइड टाकीतल्या पाण्यात ठेवून विजेचा प्रवाह सोडायचा. धागा धड असेल तर मायक्रोस्कोपखाली पेशी बुंदीच्या दाण्यासारखी गोल दिसते. तुटलेला असेल तर तुकडे एका बाजूला ओढले जातात आणि पेशीला शेपूट फुटतं. यातलं काहीही झगझगीत उजेडात करता येत नाही, कारण उजेडानंही धागा तुटतो. म्हणून तो पिवळा दिवा.

तिला त्या दिव्याची इतकी सवय झाली होती की कुठल्याही खोलीत शिरली की तिचा हात बटणाकडे जायचा. माझ्या मुलीच्या बारशाला ती थेट कॉलेजातून आली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि लाइट बंद करून मोकळी झाली. सासूबाई पुऱ्या तळत होत्या. त्यांनी अंधारातच असं काही सुनावलं की बाहेर पाळणा म्हणणाऱ्या बायका थांबल्या. बरं, हिनं माफी मागून गप्प बसावं? तिनं पदर खोचला, सासूबाईंच्या हातातला झारा घेतला आणि उरलेल्या सगळ्या पुऱ्या तळून दिल्या. त्यानंतर घरात काहीही कार्य निघालं की सासूबाई आधी विचारायच्या, ती लाइटवाली येते आहे ना? मी त्यांच्यासाठी इतकी वर्षं पुऱ्या तळत आले, त्याचं काही नाही.

कॉलेजात आम्ही दोघीही मॅडमच. पण कोणी नुसतं 'मॅडम' म्हटलं की ती. मला हाक मारताना पुढं माझं आडनाव जोडावं लागायचं. हा नियम कोणी केला नव्हता. शिपाई, विद्यार्थी, एवढंच काय, आमचे विभागप्रमुखही तो पाळत.

ती उमरेडची. वडील, काका सगळे हातमागावर बसणारे. लहानपणी ताण्याचे तुटलेले धागे जोडायचं काम तिच्याकडे असायचं, आणि बोटांना ते वळण कायमचं लागलं असावं. जेलवर काचेचं झाकण टाकताना आत हवेचा बुडबुडा राहिला की स्लाइड वाया जाते. माझ्या स्लाइडमध्ये बुडबुडे यायचे. तिच्या स्लाइडमध्ये कधी आलेले मी पाहिले नाहीत, आणि मी फार बारकाईनं पाहायचे. स्वतःच्या स्लाइडचा तिला विलक्षण गर्व होता. एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही ती मायक्रोस्कोपपाशी बसवायची आणि "कशी आहे?" असं विचारायची. तो बिचारा चांगली आहे म्हणायचा.

माझी स्लाइड पाहिली की मात्र ती एवढंच म्हणायची, "हं." पुढं काही नाही. मी शिकत गेले, बुडबुडे गेले, माझे निकाल बाहेरच्या लोकांनी वाखाणले, पण तिचं 'हं' काही बदललं नाही. तुझा हात चांगला आहे, असं तिनं एकदा म्हणावं, एवढंच मला हवं होतं. माझं लग्न, मुलगी, बढती, सगळं झालं, आणि हे एक राहिलं होतं.

ती साधी, गुणी वगैरे बाई होती असं मात्र समजू नका. माझा डबा ती न विचारता उघडायची, भाजी चाखायची आणि मीठ कमी आहे असं सांगून अर्धी संपवायची. थेंब मोजायची माझी पिपेट नेली की परत द्यायची नाही. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या घोरायची. आणि माझ्या तोंडावर म्हणायची, "इतकी जळू नको वं, शेपटी निघन तुले." तिला सगळं कळत होतं.

आमचा अभ्यास खर्रा खाणाऱ्यांवर होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, आणि तोंडात तो असताना माणूस मान डोलावून संभाषण चालवतो. दंतविभागातून आमच्याकडे माणसं यायची. कोणाच्या गालाला आतून पांढरे चट्टे, कोणाचं तोंड पुरतं उघडत नाही. मी त्यांना तक्ते दाखवून समजावायचे. माझी तयारी पक्की असायची, भाषा शुद्ध असायची. ते सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर जायचे.

ती तक्ते दाखवायची नाही. आलेल्या माणसाच्या रक्ताची स्लाइड तयार झाली की ती त्याला परत बोलवायची, मायक्रोस्कोपपाशी बसवायची आणि शेजारी उभी राहायची. "हे पाह्य गा, हा तू. दिसली शेपटी? ज्याले शेपटी निघाली तो मागं चालला." माणूस आधी हसायचा. मग पुन्हा डोळा लावायचा आणि बराच वेळ उठायचा नाही. ती त्याला बजावून सांगायची की हा रोगाचा रिपोर्ट नाही, यावरून कोणाला काय झालं ते कळत नाही, आत खराबी चालू आहे एवढंच दिसतं. मग शेजारची स्लाइड लावून द्यायची. सगळे दाणे गोल. "आन् ही मी."

ती दुसरी स्लाइड म्हणजे कंट्रोल. प्रत्येक बॅचमध्ये एका निरोगी माणसाचं रक्त घालावंच लागतं, म्हणजे बाकीचे कशाशी ताडून पाहायचे ते कळतं. पहिल्या बॅचला तिनं स्वतःचं बोट पुढं केलं आणि मग ते तिचंच काम होऊन बसलं. तंबाखू नाही, चहासुद्धा नाही, पहाटे उठून चालणं, आणि रक्त असं की पाहणाऱ्याचा डोळा निवावा. विद्यार्थ्यांनी त्या स्लाइडचं नावच 'मॅडम' ठेवलं. मॅडम जेलमध्ये बसल्या का, मॅडम टाकीत टाकल्या का, असं बोलणं चालायचं. आणि नियम असा की मॅडमना शेपूट दिसलं तर आख्खी बॅच फेकून द्यायची, कारण निरोगी माणसात खराबी दिसली याचा अर्थ काम करण्यात चूक झाली आहे. मी एकदा सुचवलं होतं की कंट्रोल आपण दोघी आळीपाळीनं देऊ. ती म्हणाली, "काहून? माह्यं रक्त संपून राहिलं का?" विषय तिथंच संपला.

आता नवऱ्याचं सांगते. हे सगळ्यात जास्त लागलेलं.

माझा नवरा बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. कंपनीच्या बसमध्ये बसला की खर्रा, उतरला की खर्रा. मी काय काय केलं नाही? भांडले, रडले, अबोला धरला, मुलीची शपथ घातली. त्याचं तोंड तिखटानं झोंबायला लागलं होतं, तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत ती दोनच जात होती, आणि मी रोज हेच आजार पाहणारी बाई घरी आल्यावर त्या दोन बोटांकडे पाहून घाबरत होते. तो म्हणायचा, सोडतो. एका शनिवारी तो मला न्यायला कॉलेजात आला. तिनं त्याला पाहिलं आणि म्हणाली, "या भाऊजी, बोट द्या." पुढच्या शनिवारी तिनं त्याला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. मी दारातच थांबले. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "भाऊजी, हे तुम्ही," आणि ती तिथून निघून बाजूच्या खोलीत गेली.

परतताना घराच्या कोपऱ्यावर गाडी थांबवून त्यानं खिशातली पुडी नालीत टाकली. सुटायला त्याला त्रास झाला, चिडचिड झाली, दोनदा घसरला, पण सुटला. मला आनंद झाला का? झाला. देवापुढे साखर ठेवली. आणि मग रात्रभर अंगाचा तिळपापड होत राहिला. सकाळी मी त्याला विचारलं, मी इतकी वर्षं हेच सांगत नव्हते का? तो शांतपणे म्हणाला, "तू सांगत होती. तिनं दाखवलं."

त्यानंतर तो कॉलेजात आला की तिच्यापुढे उभा राहून तोंड उघडायचा आणि बोटं घालून दाखवायचा. डॉक्टरांचे व्यायाम, औषधं चालू होती, हळूहळू तोंड मोकळं होत होतं. दोन बोटं, मग अडीच. ती म्हणायची, "वा भाऊजी." नवऱ्याला 'वा', आणि मला 'हं'. घरी मी म्हटलं, मला दाखव बरं, तर तो म्हणायचा, तुला काय दाखवायचं, तू तर रोज पाहतेस.

मग एका उन्हाळ्यात मॅडमना शेपूट निघालं. स्लाइडला, असं म्हणायचं आहे मला.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी तिच्या हातूनही काही बिघडलं. नियमाप्रमाणे बॅच फेकली. दुसरी केली, तीही बिघडली. मग सगळी शोधाशोध सुरू झाली. टाकीतलं पाणी गरम झालं असेल, एन्झाइम जुनं असेल, खिडकीच्या काळ्या कागदाला भोक पडलं असेल. विद्यार्थ्यांनी कागद बदलला, द्रावणं नवी केली, फ्रिजची तक्रार गेली. आणखी एक बॅच फेकली. इतके शिकलेले लोक आम्ही, पण शेजारच्या स्लाइड नेहमीसारख्याच निघत असताना हीच एक का बिघडते, हे कोणी विचारलं नाही. मॅडम निरोगी, हे तर ठरलेलंच होतं. त्या सोडून बाकी सगळ्यावर आम्ही शंका घेतली.

ती थकल्यासारखी खुर्चीत बसून राहायची. मला वाटलं, हात बिघडल्याचं मनाला लागलं असेल.

मी म्हटलं, ही बॅच मी करते. माझ्या मनात काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. माझ्या हातून तिचं रक्त साफ निघालं की सगळ्यांना कळणार होतं की आता चांगला हात कोणाचा आहे. मी सगळी द्रावणं स्वतः केली. एकाच स्लाइडवर डावीकडे माझं रक्त घातलं, उजवीकडे तिचं, म्हणजे कोणाला बोलायला जागा राहणार नाही. बुडबुडा एकही नाही. इतकी सुंदर स्लाइड मी आयुष्यात केली नव्हती.

दुपारी मायक्रोस्कोपला डोळा लावला. डावीकडे सगळे दाणे गोल. स्लाइड सरकवली. उजवीकडे एकाला शेपूट, दुसऱ्याला शेपूट. मी आणखी सरकवत गेले. एकच काच, एकच टाकी, एकच अंधार.

ती मागे येऊन उभी राहिली होती. "सर बाजूले," म्हणाली. मी उठले, ती बसली. बराच वेळ पाहत राहिली. आधी डावी बाजू, मग उजवी, मग पुन्हा डावी.

मी म्हटलं, "माझंच काहीतरी चुकलं."

"नाही वं. तुहा हात बराबर आहे." तिनं डोळा काढला नाही. "मी किती वर्षांपासून पाहून राहिली. साफ हात आहे तुहा."

ज्यासाठी मी इतकी वर्षं जीव टाकला ते वाक्य असं आलं. माझा हात बरोबर असेल तर तिच्या रक्तात काहीतरी होतं. मी भांडायलाच लागले तिच्याशी. माझा हात कधीच चांगला नव्हता, मी घाई केली, एन्झाइम जास्त पडलं, असं काय काय बोलत सुटले.

"एन्झाइम जास्त पडलं, तं तुह्याकडं काहून नाही पडलं?" ती म्हणाली. मग हसली. "इतकी जळते तू, तरी तुले शेपटी नाही. पाह्य बरं."

मग ती उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं ट्यूबलाइट लावली. स्लाइड उघडीच होती, तरी लावली. माझ्याजवळ येऊन तिनं बोटानं स्वतःची खालची पापणी ओढली आणि म्हणाली, "माहा डोया पाह्य." पापणी आतून कागदासारखी पांढरी होती. ओठही पांढरे होते. रोज आठ तास तिच्याबरोबर असणारे आम्ही, पण आम्ही तिला त्या पिवळ्या दिव्यातच पाहत होतो, आणि त्या दिव्यात सगळेच पिवळे दिसतात.

तपासण्यांत निघालं की हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथंच बिघाड झाला होता. दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांना विद्यार्थी सांगायचे की मॅडमचा आजार मॅडमच्याच स्लाइडनं पकडला. ती चिडायची. म्हणायची, स्लाइडनं खराबी दाखवली, आजार डॉक्टरनं सांगितला, उगाच काही पसरवू नका. आणि मला म्हणाली, "त्या फेकलेल्या बॅचच्या लोकायले परत बोलाव. चांगलं रक्त फेकलं आपण त्यायचं." मी बोलावलं. आले बरेचसे. त्यांना मायक्रोस्कोपपाशी मीच बसवलं, आणि 'हा तू' म्हणताना माझा आवाज मलाच परका वाटला.

तिला वरचेवर प्लेटलेट लागायच्या. मी पहिल्या दिवशी बाही वर करून गेले. माझा रक्तगट जुळला नाही. माझ्या नवऱ्याचा जुळला. आता हे मी कोणाला सांगू? तो सुट्टी टाकून जायचा, देऊन यायचा आणि बाकड्यावर बसून लिंबूपाणी प्यायचा. खर्रा खात असतो तर तिनं घेतलं नसतं, असं म्हणायचा. मी शेजारी पर्स धरून बसायचे.

तो उन्हाळा तिनं काढला. पुढचा नाही.

उमरेडला तिच्या घरी आम्ही गेलो होतो. गल्लीत माणसं मावत नव्हती. माझ्यासाठी एवढी येतील का, हा विचार तिथंही माझ्या मनात आला, आणि त्याच वेळी मला रडू आवरेना. माझा नवरा एका बाजूला भिंतीला टेकून उभा होता. घरी आल्यावर तो हातपाय धुऊन माझ्यासमोर आला, तोंड उघडलं आणि तीन बोटं उभी धरून आत घातली. पूर्ण गेली. मी पाहिलं आणि म्हटलं, "हं."

कंट्रोल आता मी देते. विभागात मी सगळ्यात जुनी आहे, मला कोणी काही सुचवत नाही. परवा नवीन रुजू झालेली मुलगी दारात उभी राहून काहीतरी सांगू लागली, ट्यूबलाइट चालू होती, आणि मी तिच्याकडे पाठ ठेवूनच हात मागे नेऊन बटण शोधलं. अंधार झाल्यावर पलीकडून एका विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम कुठे ठेवल्या?"

"मी इथंच आहे की," मी म्हटलं.

"तुम्ही नाही हो," तो म्हणाला, आणि मग सांभाळून घेत त्यानं माझं आडनाव जोडलं. "मॅडम कुठे आहेत?"

मी स्लाइडच्या डब्याकडे बोट दाखवलं. सकाळी त्याच बोटातून रक्त काढलं होतं, आणि ते अजून ठणकत होतं.